पिंजऱ्यातील खेळणी : पोपटाचा विरंगुळा की गळफास?

पोळा संपला की बैलांच्या अंगावरचा साज उतरतो. गोंडे, घुंगरमाळा, रंगीत मण्यांच्या माळा पुढच्या वर्षासाठी खुंटीला लागतात. मात्र त्यातला एखादा तुटका गोंडा, दोन-चार सुटे घुंगरू घरातल्या पोरांच्या हाती लागतात आणि ओसरीत पोपटाचा पिंजरा टांगलेला असेल तर तेथे जाऊन पोचतात. 'पोपटाला खेळायला' म्हणून. हेतू चांगला असतो आणि पोपटही लगेच त्या गोंड्याशी झोंबू लागतो. पण पक्षीवैद्यांकडे अपघात होऊन येणाऱ्या पोपटांत दोऱ्यात पाय आवळलेले, घुंगरात बोट अडकलेले आणि कडीत चोच गुंतलेले पक्षी नेहमी आढळतात. यातले बहुतेक अपघात टाळता येण्यासारखे असतात. डोंगरकड्यासारख्या गावात पक्ष्यांचा खास डॉक्टर हाताशी नसतो, म्हणून तर ते टाळण्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

कोणता पोपट?

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या शिवारात ज्वारी-मक्याच्या कणसांवर थव्याने उतरणारा, नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी असणारा हिरवा राघू घरात पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे त्याला संरक्षण असून १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर तो या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी पोपटही त्यातच मोडतो. झाडाच्या ढोलीतून काढलेली पिल्ले कोणी दारावर विकायला आणली तर 'आपण नाही घेतले तर ते मरेल' अशी दया दाखवून ती घेऊ नयेत. गिऱ्हाईक मिळाले की पुढच्या वर्षी आणखी ढोल्या रिकाम्या होतात.

ज्यांच्या घरी असा राघू वर्षानुवर्षे आहे त्यांनी तो एखाद्या सकाळी एकदम उडवूनही देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला दाणा शोधणे जमत नाही, मांजर आणि शिकऱ्यापासून स्वतःला वाचवणे त्याहून जमत नाही. जवळच्या वन कार्यालयाशी बोलून तो त्यांच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग होय.

तेव्हा हा लेख आहे तो परदेशी जातीच्या पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्यांबद्दल. बाजारात सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून जे लहान, रंगीबेरंगी पक्षी जोडीने विकले जातात ते बहुधा बजरिगार म्हणजे बजी असतात. ही मूळची ऑस्ट्रेलियातली जात. जॉन गुल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये ती जिवंत इंग्लंडला नेली आणि तेथून ती जगभर घरोघरी गेली. डोक्यावर तुरा असलेला कॉकटील हाही ऑस्ट्रेलियाचाच. खरा लव्हबर्ड मात्र आफ्रिकेतला. बजी व कॉकटील पाळायला नोंदणी लागत नाही. आफ्रिकन करडा पोपट, सन कोन्यूर यांसारख्या जातींची नोंदणी मात्र २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार सक्तीची आहे. असा महागडा पक्षी घेताना विक्रेत्याकडून कागदपत्रे मागून घ्यावीत.

खेळणे लागतेच कशाला?

काही मंडळी म्हणतील, एवढा धोका असेल तर खेळणेच नको. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. पोपटाची चोच आयुष्यभर वाढत राहते आणि कुरतडण्याने ती झिजते. रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग दाणा शोधण्यात, साल सोलण्यात, शेंगा फोडण्यात आणि थव्यातल्या इतरांशी भांडण्यात घालवतो. पिंजऱ्यात हे सारे बंद होते. वाटीत बाजरी मिळते, ती पाच मिनिटांत संपते, आणि उरलेला दिवस रिकामा जातो. हा रिकामा दिवस पक्ष्याला सोसत नाही. तो एकसारखा ओरडू लागतो, पिंजऱ्याची तार चावत राहतो, पुढे पुढे स्वतःचीच पिसे उपटू लागतो. पिसे उपटून छाती उघडी पडलेला पोपट पाहिला की लोक खरजेचे औषध विचारतात. खरजेचे किडेही असू शकतात, म्हणून तपासणी करावीच. पण पुष्कळदा मूळ कारण कंटाळा आणि एकटेपण हेच असते.

हा पक्षी किती बुद्धिमान असतो याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अ‍ॅलेक्स नावाचा आफ्रिकन करडा पोपट. अमेरिकेतील संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये तो घेतला आणि २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्यावर अभ्यास केला. रंग, आकार, लहान संख्या तो ओळखून सांगे. आपला बजी अ‍ॅलेक्स नव्हे हे खरे, तरी त्यालाही डोके आहे आणि त्या डोक्याला काम लागते. खेळणे हे त्याच्या खुराकाचाच भाग समजावे. फक्त खुराक जसा आपण निवडून देतो तसे तेही निवडून द्यावे.

दोरा : सर्वांत मोठा वैरी

पिंजऱ्यातील वस्तूंपैकी कोणत्या एकाच वस्तूबद्दल सांगायचे झाले तर मी दोऱ्याबद्दल सांगेन. शिवणाचा दोरा, लोकर, नायलॉनची सुतळी, गोंड्याचे धागे, संक्रांतीनंतर उरलेला मांजा, यातले काहीही पिंजऱ्यात नसावे. मांजा तर घरातच नसावा.

पोपटाच्या पायाला दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. फांदी पकडायला ही रचना उत्तम आहे, पण बारीक धाग्याचा फास तिच्यात बसला की सुटत नाही. पक्षी घाबरून ओढतो, ओढल्याने फास आणखी आवळतो. बोटाकडे जाणारे रक्त थांबते, बोट सुजते, काळे पडते आणि दोन-चार दिवसांत वाळून गळते. धागा इतका बारीक असतो की सुजलेल्या कातडीत तो दिसतही नाही. घरच्यांना वाटते पायाला काहीतरी चावले. मान अडकली तर मात्र तेवढा वेळही मिळत नाही.

दुसरा धोका पोटातला. गोंडा, झालर, सुती दोर यांचे तंतू पोपट एकेक करून उपसतो आणि त्यातले काही गिळतो. गळ्याखालच्या अन्नपिशवीत आणि पोटात त्यांचा बोळा साचतो. असा पक्षी दाणे फोडताना दिसतो, पण वजनाने उतरत जातो. छातीचे मधले हाड हाताला धारदार लागू लागले तर तो नक्की खंगत आहे असे समजावे.

मग खेळणे टांगायचे कशाने? शक्य तेथे स्टेनलेस स्टीलच्या आखूड साखळीने. दोरच वापरायचा असेल तर काथ्याचा किंवा चामड्याच्या न रंगवलेल्या जाड वादीचा, आणि तोही पक्ष्याच्या मानेभोवती वेढा बसणार नाही इतका आखूड. टोके सुटू लागली की त्याच दिवशी कापावी किंवा दोर टाकून द्यावा. साखळीच्या कड्या पूर्ण मिटलेल्या असाव्यात. अर्धवट उघड्या कडीत चोचीचे टोक, पायातले वळे किंवा नखी अडकते आणि पक्षी तेथेच लटकून फडफडत राहतो.

गोल कड्यांच्या झोक्याबद्दल एक साधा नियम आहे. भोक असे असावे की त्यातून डोके मुळीच जाणार नाही, किंवा असे की अख्खा पक्षी सहज आरपार जाईल. मधल्या मापाचे भोक हा सापळा ठरतो. पिंजऱ्याच्या तारांनाही हेच लागू पडते. बजीसाठी दोन तारांतले अंतर साधारण सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. घुमटाच्या आकाराचे गोल पिंजरे दिसायला सुंदर असतात, पण वर जेथे तारा निमुळत्या होत एकत्र येतात तेथे बोट आणि चोच चिमटते. वर सरकणारे दारही तसेच: हुशार पक्षी ते चोचीने उचलतो, मान बाहेर काढतो आणि दार मानेवर पडते. अशा दाराला एक छोटी क्लिप लावून ठेवावी.

घुंगरू, आरसा आणि धातूचे विष

बैलाच्या किंवा पैंजणाच्या घुंगराला खाली चीर असते. त्या चिरेत लहान पोपटाचे बोट बरोबर जाते, पण बाहेर येताना अडकते. आतला खडा किंवा गोळी निघाली तर ती गिळली जाते. नाद हवा असेल तर उघड्या तोंडाची घंटी द्यावी, जिची जीभ घट्ट बसवलेली आणि चोचीने निघणार नाही अशी असेल. आणि तीही स्टेनलेस स्टीलची. पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रण असल्याने सतत चावण्यासाठी ते योग्य नव्हे.

जस्त आणि शिसे हे पोपटाचे दोन छुपे शत्रू आहेत. घरगुती पिंजरा बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा, म्हणजे जी.आय. जाळीचा असतो. नव्या जाळीवर जस्ताचे बारीक थेंब आणि पांढरट भुकटी असते आणि पोपट ती खरवडून खातो. शिसे येते जुन्या रंगाच्या पापुद्र्यातून, डाग दिलेल्या सांध्यातून, मासेमारीच्या गळाला बांधायच्या गोळ्यांतून. आपल्याकडे घरगुती रंगातील शिशावर कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वी रंगवलेल्या दारा-खिडक्यांवर, पाळण्यांवर पोपटाला चोच मारू देऊ नये. स्वस्त खेळण्यांचा चकचकीत मुलामा आणि बेगडही त्याच्यापासून दूर ठेवावीत.

पक्ष्याच्या पोटात दाणे दळणारा स्नायूंचा एक कप्पा असतो. गिळलेला धातूचा कण त्यात अडकून राहतो, घासला जातो, पोटातल्या आम्लात विरघळतो आणि रोज थोडा थोडा रक्तात उतरतो. म्हणून विष एका कणाचे असले तरी परिणाम अनेक दिवस चालतो. पक्षी पिसे फुलवून सुस्त बसतो, पाणी फार पितो, उलटी करतो, विष्ठा पातळ व गडद हिरवी होते, पाय लटपटतात, शेवटी झटके येतात. ही लक्षणे दुसऱ्या रोगांतही दिसतात, त्यामुळे नक्की निदान क्ष-किरण व रक्ताच्या तपासणीने होते. धातू शरीराबाहेर काढणारी इंजेक्शने आहेत आणि वेळेत मिळाली तर पक्षी वाचतो. हा इलाज घरचा नव्हे. डॉक्टरांकडे जाताना पिंजऱ्यातले संशयित खेळणे बरोबर न्यावे, त्याने त्यांचे अर्धे काम होते.

नवा जी.आय. पिंजरा आणल्यास पक्षी ठेवण्यापूर्वी तो व्हिनेगर आणि ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन, उन्हात वाळवावा. याने सुटी भुकटी निघते. धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. तार चावण्याची खोड असलेल्या पक्ष्याला स्टेनलेस स्टीलचा पिंजरा घेणेच बरे.

आरशाबद्दल थोडे. एकट्या बजीला आरसा दिला की तो त्या प्रतिमेलाच जोडीदार समजतो, तिला दाणे भरवतो, म्हणजे आरशावर वारंवार उलटी काढतो, आणि घरच्या माणसांकडे पाठ फिरवतो. आरशामागचा लेपही चावण्यासारखा नाही. आरशाऐवजी खरा जोडीदार द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

शेतातली आणि स्वयंपाकघरातली खेळणी

खेळण्यासाठी नांदेडच्या बाजारात जायलाच हवे असे नाही. आपल्या भागात पोपटाला आवडेल असे पुष्कळ काही फुकट मिळते. ज्वारीचे किंवा बाजरीचे वाळलेले कणीस पिंजऱ्यात आडवे अडकवले तर बजी तासन् तास एकेक दाणा काढत बसतो. खेळही झाला आणि खाणेही. मक्याचे दाणे काढलेले बोंड, नारळाच्या करवंटीचा तुकडा, कडुनिंबाची वा पेरूची पाने असलेली ताजी डहाळी, बांबूचे पेर, ही सारी चांगली खेळणी आहेत. साध्या पांढऱ्या कागदाच्या पुडीत दोन दाणे बांधून द्यावेत. ती फाडण्यात जो आनंद तो विकतच्या प्लॅस्टिकच्या पोपटात नाही. डोंगरकड्याकडे केळीला तोटा नाही. केळीच्या वाळल्या पानाचे तुकडेही फाडायला देता येतात, मात्र बोटभर लांबीचे, दोरीसारख्या लांब पट्ट्या नव्हेत.

येथे एक अट आहे आणि ती शेतकरी वाचकांना अधिक सांगण्याची गरज नाही. ज्या पिकावर, ज्या बागेत फवारणी झाली आहे तेथले काहीही पिंजऱ्यात घालू नये. तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या जीवाला कीटकनाशकाचा लहानसा अंशही भारी पडतो. परसातल्या झाडाची डहाळी घ्यावी आणि तीही धुऊन. बुरशी धरलेले कणीस देऊ नये. कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी, एरंड यांच्या फांद्या कधीही वापरू नयेत.

एका वेळी दोन-तीनच खेळणी असावीत, पंख पसरायला जागा उरली पाहिजे. नवे खेळणे पहिल्या दिवशी पिंजऱ्याबाहेर जवळ ठेवावे, कारण अनोळखी वस्तूला हे पक्षी घाबरतात. आठवड्याने जुने काढून दुसरे द्यावे; पंधरा दिवसांनी तेच जुने पुन्हा नवे होते. लहान पक्ष्याचे नाजूक खेळणे मोठ्या पोपटाला देऊ नये, तो त्याचे तुकडे करून गिळतो. रोज सकाळी पाणी बदलताना खेळण्यांवरून एकदा बोट फिरवावे. सुटा धागा, तुटका कोपरा, उघडी कडी लगेच हाताला लागते.

कॉकटील पाळणाऱ्यांनी रात्रीकडेही लक्ष द्यावे. हा पक्षी अंधारात अचानक दचकतो आणि पिंजऱ्यात वेड्यासारखा धडपडतो. पाल, मांजर, विजेचा कडकडाट, काहीही निमित्त पुरते. अशा वेळी मध्यभागी लोंबणाऱ्या खेळण्यांवर आदळून पंख मोडतो. झोपण्याच्या दांडीभोवतीची खेळणी रात्री काढावीत आणि खोलीत मंद दिवा ठेवावा.

पक्षी अडकलाच तर

प्रथम खोलीतला पंखा बंद करावा, दारे-खिडक्या लावाव्यात, मुलांना बाहेर पाठवावे. उजेड कमी केला की पक्षी शांत होतो. मग मऊ सुती कापडाने त्याला हळूच धरावे. छाती दाबू नये. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती पुढे-मागे हलली तरच त्याचा श्वास चालतो, आणि घाबरून घट्ट मुठीत धरलेला पक्षी हातातच गुदमरतो. मानेच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून डोके स्थिर करावे आणि अंग कापडात सैल राहू द्यावे. दुसऱ्या माणसाने खेळणे कापावे. पाय ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, खेळणे गेले तर गेले. कात्री आणि लहान पक्कड पिंजऱ्याजवळच ठेवलेली असावी. धागा कातडीत रुतला असेल तर खोदू नये, वैद्याकडेच न्यावे.

रक्त येत असेल तर घाई करावी. बजीच्या अंगात सारे मिळून तीन-चार मिलिलिटर रक्त असते आणि सात-आठ थेंबांपेक्षा जास्त गेले तर ते धोक्याचे ठरते. नखी तुटली असेल तर टोकावर मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर दाबून दोन मिनिटे धरावे. चुना, तेल, मलम लावू नये. तेलाने पिसे चिकटतात आणि ऊब जाते. तोंडात पाणी ओतू नये, माणसाची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. खोक्यात कापड घालून, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवावी आणि अंधारात विश्रांती द्यावी.

पोपट आजार लपवतो. रानात अशक्त दिसणारा पक्षी पहिल्यांदा शिकार होतो, म्हणून तो शेवटपर्यंत दांडीवर बसून राहतो. तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रथमोपचार मिळतो. क्ष-किरण किंवा शस्त्रक्रिया लागली तर आपल्या भागाला परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. १९७२ पासून ते चालू आहे. निघण्यापूर्वी पक्ष्यांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात याची चौकशी फोनवर करावी.

घरच्यांची काळजी

खेळण्यांवर विष्ठा पडते आणि तीच खेळणी लहान मुले हातात घेतात. पोपटापासून माणसाला होणारा एक ज्वर आहे. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे त्याची साथ अमेरिका व युरोपात पसरली होती. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेली की ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो, कधी फुफ्फुसाचा दाह होतो. नेहमी होणारा रोग नव्हे आणि योग्य प्रतिजैविकाने बरा होतो, पण डॉक्टरांना संशय आला पाहिजे. म्हणून पक्षी पाळणाऱ्या घरात कोणाला असा ताप आला तर 'आमच्याकडे पोपट आहे' हे त्यांना न विचारता सांगावे. पिंजरा कोरडा झाडू नये. तळाचा कागद पाणी शिंपडून गुंडाळावा आणि तोंडाला रुमाल बांधावा. खेळणी आठवड्यातून एकदा साबण व गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. लाकडी व काथ्याची खेळणी धुऊन नीट वाळत नसतील तर ती फेकून नवी करावीत.